फोटोतल्या अण्णांची दाढी

माझ्या वडिलांना वारल्यानंतर दाढी आली.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय. आधी ते माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे बघतात, आणि मंगलने "हो, आली होती" अशी मान हलवली की हळूच खुर्ची मागे सरकवतात. त्यांचं काही चुकत नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीसुद्धा मागे सरकलो होतो, आणि माझ्या मागे तापलेली इस्त्री होती.

मखमलाबाद रस्त्याला आमचा फुलांचा मळा आहे. शेवंती जास्त, झेंडू थोडा. अण्णांनी आयुष्यभर दोन कामं नेमाने केली. रोज सकाळी घोटून दाढी, वर तुरटी, आणि दर आठवड्याला पाठीवर पंप घेऊन फवारणी. गाल असे गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी, आणि शेवंती अशी फवारलेली, की माशी बसायचा प्रश्नच नाही! हा नेम वर्षातून एकदाच मोडायचा, पितृपक्षात. आमच्या घरात पितृपक्षात पुरुषमाणसं दाढी करत नाहीत. अण्णांचे पांढरे खुंट वाढायचे, त्यांना खाज सुटायची, आणि ती खाज ते आमच्यावर काढायचे. त्या पंधरवड्यात आम्ही शक्यतो त्यांच्यासमोर जात नसू.

अण्णा गेले, वर्षश्राद्धही झालं. पुढच्या खोलीत त्यांचा मोठा फोटो लावला, चंदनाचा हार घातला आणि अखंड चालू राहील असा छोटा पिवळा दिवा बसवला. दिवा फोटोच्या वर लावतात हे मला ठाऊक होतं, पण वायर कमी पडली, म्हणून मी तो खाली लावला. त्यामुळे अण्णांच्या हनुवटीवर उजेड आणि डोळ्यांवर अंधार! दिवसा काही वाटायचं नाही, पण दिवेलागणीला खोलीत शिरलं की मी भिंतीकडे बघत चालायचो.

"रागावल्यासारखे दिसतात गं," मी आईला म्हणालो.

"मग बरोबर हाय फोटो," आई समाधानाने म्हणाली.

आता आईच्या हातांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. फुलं तोडायचं काम आई करते. औषध मारलेली फुलं वर्षानुवर्षं तोडून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, हातांची आग आग व्हायची. संध्याकाळी खोबरेल लावून, दोन्ही तळवे वर करून ती नुसती बसून राहायची, आणि तिला तसं बघून मला जेवण जायचं नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाच्या फुलांना हात लावणं बंद करा. आई त्यांना म्हणाली, "मग तोडायला तुम्ही येता का?"

म्हणून मी मित्रकीटकांच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आलो. औषध मारायचं नाही, पिकावर किडे सोडायचे, आणि ते किडे शेवंतीचा रस शोषणारा मावा खाऊन टाकणार. सकाळचं सत्र मी अगदी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. (दुपारच्या सत्राबद्दल माझं मत राखून ठेवतो. जेवणात श्रीखंड होतं.) येताना एक बाटली घेऊन आलो. आत लाकडाचा भुसा आणि भुशात मिसळलेली अंडी.

"हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"किडे."

"विकत?"

"हो."

"आपल्याकडे कमी होते?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी आई कबूल झाली. दसऱ्यापर्यंत फवारणी नाही. पण मावा चढला, तर त्याच दिवशी अण्णांचा पंप खाली काढायचा, आणि मग किड्याचं नाव घरात काढायचं नाही. अण्णांचा पंप शेडमध्ये खुंटीला टांगला होता, आणि येता-जाता आई त्याच्याकडे असं बघायची, जसं काही तिने कुणाला बाहेर ताटकळत उभं केलंय.

मी शेवंतीवर भुसा शिंपडला. काही दिवसांत तपकिरी, बारीक, पुढे विळ्यासारखे दोन सुळे असलेल्या अळ्या निघाल्या. मावा पकडायच्या, शोषून घ्यायच्या, सालपट टाकून पुढच्याकडे वळायच्या. मी तासन् तास बघत बसायचो. एक दिवस कौतुकाने अळी हातावर घेतली तर मलाच चावली! मग एकाएकी सगळ्या अळ्या दिसेनाशा झाल्या. आज आहेत, उद्या नाहीत. मावा मात्र कोवळ्या शेंड्यांवर परत डोकं काढायला लागला. मी कुणालाच काही बोललो नाही, पण मला वाटलं, संपलं. मेले आपले किडे.

नेमकं तेव्हाच प्रशिक्षणवाल्यांनी मला बोलावलं. इतर शेतकऱ्यांना अनुभवाचे चार शब्द सांगा, फोटोही काढायचाय, म्हणाले. पितृपक्ष सुरू झाला होता. गालांवर खुंट होते. मी आरशात पाहिलं, प्रगतशील शेतकरी काही दिसेना. आई मळ्यात गेल्याचं बघून मी गपचूप दाढी केली आणि जाऊन मेलेल्या किड्यांवर तासभर उत्तम भाषण दिलं.

परत आलो तर आई दारात. तिने माझ्या गालांकडे पाहिलं.

"बापाच्या पंधरवड्यात तोंड गुळगुळीत करून आलास?"

"आई, फोटो काढायचा होता गं."

"त्यांचा पण फोटोच हाय आता," आई म्हणाली, आणि आत निघून गेली.

त्याच संध्याकाळी मंगल पुढच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. ती थांबली. "अहो," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अण्णांना बघा."

अण्णांच्या हनुवटीवर पांढरे केस होते. बारीक, सरळ, पुढे आलेले. काचेतून बाहेर! रंगवलेले नव्हेत, डाग नव्हेत. पंख्याचा वारा आला की ते हलायचे, आणि खालून पडलेल्या उजेडात हनुवटीच हलल्यासारखी वाटायची. अण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होते. मी इस्त्रीवर टेकलो तो तेव्हाच. मी ओरडलो ते भाजल्यामुळे, असं मी आजही सांगतो.

आई आली. तिने बराच वेळ पाहिलं, मग पदर नीट केला आणि हात जोडले.

"तू काढलीस," ती मला म्हणाली, "म्हणून त्यांना वाढवावी लागली."

आता तुम्ही म्हणाल, फडकं घेऊन पुसून का नाही टाकलं? आम्हीही तोच विचार केला. मी मंगलला म्हणालो, पूस. ती म्हणाली, "सासऱ्यांच्या दाढीला सुनेनं हात लावायचा?" बरोबर होतं. मग मी पुढे झालो, तर आई कडाडली, "पितृपक्षात दाढी करतोस त्यांची? स्वतःची केलीस ती पुरे नाय झाली?" तेही बरोबर होतं! त्यांची तिथी होईपर्यंत फोटोला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. त्या पंधरवड्यात तीन शहाणीसुरती माणसं एका फोटोची दाढी वाढताना बघत राहिली.

आणि ती वाढत होती. रोज सकाळी उठून बघावं तर कालच्यापेक्षा जास्त. आधी हनुवटी, मग ओठावर मिशा, मग डावा गाल. (शर्टाच्या कॉलरवरही चार केस होते, पण ते कुणी मनावर घेतले नाहीत.) प्रत्येक केसाच्या टोकाला मोहरीहून बारीक, फिकट मणी. असले केस कुठल्या माणसाला येतात? "वर गेल्यावर येत असतील," मंगल म्हणाली. हे ऐकून मला धीर यायचा होता, तो काही आला नाही.

एकदा दिवे लागल्यावर मी खोलीत गेलो तर अण्णांच्या कपाळावर काहीतरी बसलेलं. पोपटी, पातळ, जाळीच्या पंखांचं, आणि त्याचे दोन डोळे सोन्यासारखे चमकत होते. ते माझ्याकडेच बघत होतं. मी वर्तमानपत्राची घडी करून, "अण्णा, माफ करा," म्हणत त्याला अदबीने हाकललं. ते उडालं, दिव्याभोवती फिरलं आणि पुन्हा अण्णांच्या गालावर जाऊन बसलं. मी दिवा चालू ठेवून, पाठ न दाखवता, खोलीबाहेर आलो.

पण खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात तोंड धुवायला गेलो. आरशावर बल्ब आहे. आरशात पाहिलं तर माझ्या हनुवटीवर दोन पांढरे केस! टोकाला मणी. मी हनुवटीवरून हात फिरवला. नुसते माझे खुंट, लांब केस एकही नाही. पुन्हा आरशात पाहिलं. केस तिथेच. पुन्हा हात फिरवला. हाताला नुसते खुंट, आरशात दाढी! मी जरा डावीकडे सरकलो तर ते केस माझ्या कानाजवळ आले. त्या दिवसापासून तिथीपर्यंत मी आरसा पाहिला नाही, आणि भांग आंधळ्यासारखा पाडला.

आईने घोटीला तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, मूळ गावी भातशेती बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोनवरच निकाल दिला.

"दाढीचं निमित्त हाय वहिनी. दादाचा पंप टांगून ठेवला ना ह्या पोरानं? दादा जन्मभर फवारत आला. त्याचा जीव पंपात हाय. आता तोंडानं बोलता येत नाय, म्हणून दाढीनं बोलतोय."

तिथीच्या दिवशी तात्या सकाळीच आले. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्याला पितर म्हणून जेवायला बसवतात. त्यांनी फोटो पाहिला मात्र, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तोवर दाढी अशी भरघोस झाली होती, की अण्णांना ओळखायला वेळ लागावा.

"दादा, चुकलं," तात्या फोटोला म्हणाले. "लेकरू हाय. लय शिकल्यावर व्हतं असं." मग माझ्याकडे वळले. "आधी फवारणी, मग पान. पंप चालल्याबिगर दादा घास घेणार नाय."

मी आईकडे पाहिलं. तिचे हात त्या दीड महिन्यात जरा बरे झाले होते. भेगा मिटत आल्या होत्या. तिने ते पदरात गुंडाळून घेतले.

"फवार बाबा," ती म्हणाली. "माझे हात काय, जळले तर जळले. त्यांना शांत वाटू दे."

मला फार वाईट वाटलं. मी सांगणार होतो की नाही फवारणार, काय व्हायचं ते होऊ दे. शब्द जिभेवर होते. पण पंखा फिरत होता, आणि अण्णा दाढी हलवत माझ्याकडे बघत होते. तासभर भाषण ठोकणाऱ्या प्रगतशील शेतकऱ्याने मुकाट्याने शेडमध्ये जाऊन पंप खाली काढला, त्यात पाणी भरलं, पाठीला लावला आणि औषधाची बाटली हातात घेतली.

निघण्याआधी पाया पडायला मी पुढच्या खोलीत आलो. तात्या फोटोखालीच पाटावर बसले होते. समोर मंगलने पान वाढलं होतं, खीर, वडे, कढी, सगळं. पंप पाठीवर असल्याने मला नीट वाकता येईना, म्हणून मी फोटोजवळ गेलो आणि अगदी काचेपाशी तोंड नेऊन डोळे मिटले. मग उघडले.

इतक्या दिवसांत इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो. टोकांचे मणी फुटले होते. बरेचसे पोकळ. आणि केसांवरून, हळूहळू, खाली, काहीतरी उतरत होतं. अण्णांच्या दाढीतून काहीतरी चालत बाहेर येत होतं! एकजण तर चांगला मोठा झालेला, बाकीच्या भावंडांवरच पोसलेला असावा. तो फ्रेमच्या काठावर आला, थांबला, आणि टपकन तात्यांच्या उघड्या मानेवर पडला.

"आई गं!" तात्या खिरीसकट उठले. "चावला! दादा चावला मला!"

मंगल किंचाळली. आईने देवाचं नाव घेतलं. तात्यांनी मानेवरून झटकलेलं ते माझ्या मनगटावर पडलं आणि मलाही चावलं. आणि तो चावा लागताच माझ्या डोक्यात उजेड पडला. हा चावा ओळखीचा होता! मी निरखून पाहिलं. तपकिरी अंग, पुढे विळ्यासारखे दोन सुळे.

"अरे, हे तर माझे किडे!" मी ओरडलो. "अण्णांना दाढी नाही आली, ही माझ्या किड्यांची अंडी आहेत!"

शेवंतीवरच्या अळ्या मेल्या नव्हत्या. त्या कोषात गेल्या होत्या. त्यांचेच ते सोनेरी डोळ्यांचे पोपटी कीटक झाले होते, दिव्याच्या ओढीने घरात येत होते आणि उजेडात, म्हणजे अण्णांच्या हनुवटीवर आणि आमच्या आरशावर, अंडी घालत होते. केसासारख्या दांडीवर एकेक अंडं, तोच तो मणी. आधी निघालेल्याने शेजारच्या भावाला खाऊ नये म्हणून अशी सोय असते. हे सगळं त्या श्रीखंडानंतरच्या सत्रात चित्रं लावून दाखवलं होतं, हे मला पुढे कळलं.

तेव्हा जेवढं उमगलं तेवढं मी दम न घेता सांगून टाकलं. वाटलं, आता सगळे हसतील.

"दादाच्या दाढीत किडं पडलं!" तात्या कळवळून म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी आईचा हात धरला आणि तिला तशीच मळ्यात घेऊन गेलो. पंप पाठीवर, बाटली हातात. मागे मंगल, तिच्या मागे मान चोळत तात्या. मी शेवंतीचं एक पान उलटं केलं. खाली तेच पांढरे केस, तेच मणी, आणि शेजारी एक अळी मावा खात बसलेली. दुसरं पान उलटं केलं. तिथेही केस. तिसऱ्या झाडावर, चौथ्या झाडावर, सगळ्या वाफ्यात!

"इथं पण?" आईने विचारलं.

"हो."

"आणि त्या कडेच्या वाफ्यात?"

"सगळीकडे आहेत, आई. आता फवारलं तर हे सगळे मरतील."

आई एकटीच पुढे गेली. एकेक रोप वाकवून बघत, अगदी बांधापर्यंत. ती परत आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती.

"सगळ्या मळ्यात फिरलेत तुझे अण्णा," ती म्हणाली.

"आई, अण्णा नाहीत गं! हा कीटक आहे, आधी अंडं, मग अळी, मग कोष..."

"हो ना. पण पाठवला कुणी?"

"मी! मी विकत आणला!"

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती स्वतःचे तळवे उघडून बघत होती.

"जित्तेपणी कधी माझ्या हातांकडे बघितलं नाय त्यांनी," ती म्हणाली. "आता बघितलं."

समजावून सांगायला माझ्याकडे अजून कोष होता, पोपटी पंख होते, लॅटिन नावसुद्धा होतं. मी पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला. आईने माझ्या हातातली औषधाची बाटली घेतली, शेडमधल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "त्यांच्या दाढीवर औषध मारायचं नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तात्यांनीही मान डोलावली, आणि जाताना शेवंतीची दोन पानं मागून घेतली. "दादाची," म्हणाले, "माझ्या परसातल्या वांग्यांसाठी."

पितृपक्ष संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी फोटोची दाढी मीच केली, ओल्या कापसाने, अगदी हलक्या हाताने. फवारणी बंद झाली ती कायमची. शेवंती छान येते आहे, आणि आईच्या हातांना आता खोबरेल लागत नाही.

आता आजूबाजूचे शेतकरीही आमच्याकडे येतात. कुणाच्या गुलाबावर मावा, कुणाच्या वांग्यावर. ते माझ्याकडे येत नाहीत, आईकडे येतात. ती हात जोडायला लावते, अंडी असलेली पानं निवडून कापते आणि "फवारलंत तर त्यांना लागेल," एवढंच सांगते. मी इतकी भाषणं दिली, एकानेही पंप बाजूला ठेवला नव्हता. आईचं ऐकून आमच्या रस्त्याच्या अर्ध्या मळ्यांनी ठेवला! या सगळ्या कार्यात मलाही जबाबदारी दिलेली आहे. आई पानं कापते तेव्हा मी पिशवी धरतो. तीसुद्धा मला नीट धरता येत नाही, असं तिचं म्हणणं आहे.